वस्तूची जोड, शब्दाची पत

नव्या मालाच्या आणि जुन्या मालाच्या खरेदीत एक मूलभूत भेद आहे. नव्या वस्तूबरोबर पावती येते, हमीपत्र येते, कंपनीचा शिक्का येतो. काही बिघडलेच तर दाद मागण्यास एक दार उघडे असते. जुन्या वस्तूबरोबर यांतले काहीही येत नाही. येतो तो फक्त विकणाऱ्याचा शब्द. म्हणूनच व्यापारी घरांतील वडीलधारी माणसे जुनी वस्तू घेताना वस्तूइतकीच ती देणाऱ्या माणसाची पारख करीत आली आहेत. परंतु विकणारा खरे बोलला, घेणारा शहाणा निघाला आणि वस्तूही निर्दोष असली, तरीसुद्धा व्यवहार फसू शकतो. तो कसा, हे मालवणच्या बाजारपेठेतील एका कुटुंबाला एका जुन्या होम थिएटर रिसीव्हरने शिकविले.

हे कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी कोल्हापूरकडून घाट उतरून आले. आधी गुळाच्या ढेपा, मग धान्य आणि पुढे सगळाच किराणा, असा त्यांचा व्यापार वाढत गेला. पुढे दुकान, मध्ये गोदाम आणि मागे जांभ्या दगडाच्या भिंतींचे, मंगलोरी कौलांचे घर. घरात सर्वांत वडील अण्णा, वय ७८. दुकानाचा कारभार आता चिरंजीव पाहतात. पण सकाळी गल्ल्यावर पहिला तास अण्णाच बसतात. जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपलेली असल्यामुळे रात्री दुकान वाढविल्यावर सगळ्यांना तासभर मोकळा मिळतो. त्या तासात घरातील सर्वांनी दूरदर्शन संचासमोर एकत्र बसायचे, ही जुनी रीत. बहुतेक वेळा एखादे मराठी नाटक लागते. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ तर त्या घरात कितव्यांदा पाहिले जाते याची गणतीच नाही. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली ज्या डौलाने रंगभूमीवर नेली, त्याचा अभिमान घाटावरून आलेल्या या कुटुंबालाही गावकऱ्यांइतकाच आहे.

दीड-दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट सूनबाईंच्या लक्षात आली. विनोदाच्या जागी सगळे हसत आणि त्यानंतर क्षणभराने अण्णा हसत. ते पडद्याकडे कमी आणि नातवंडांच्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत. कोणी हसले की तेही हसत. त्यांना शब्द कळत नव्हते, आणि तसे सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता. आवाज वाढविला तर ते म्हणत, “ओरडतो आहे, पण काय बोलतो ते उमगत नाही.”

कानांच्या डॉक्टरांनी तपासून याचे कारण समजावून सांगितले. वय वाढले की कान सगळेच स्वर सारख्या प्रमाणात गमावीत नाहीत. सर्वांत आधी मंदावतात ते उंच पट्टीचे, बारीक ध्वनी. स, श, त, क, फ ही व्यंजने याच बारीक ध्वनींच्या आधाराने ओळखली जातात. अ, आ, ओ हे स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येत राहतात. परिणामी माणूस बोलतो आहे हे कळते, परंतु काय बोलतो हे कळत नाही. आवाज नुसता वाढविला तर स्वर अधिक दणदणतात आणि व्यंजने त्यांखाली दबतात. डॉक्टरांनी श्रवणयंत्र दिले. ते दुकानात, समोरासमोरच्या बोलण्यात उत्तम चालू लागले. संध्याकाळी मात्र अडचण तशीच राहिली. आजच्या पातळ दूरदर्शन संचांचे स्पीकर चिमुकले असतात आणि बहुधा मागे किंवा खाली तोंड करून बसविलेले असतात. त्यांचा आवाज आधी भिंतीवर आणि जमिनीवर आदळतो, मग खोलीत फिरून कानापर्यंत पोचतो. दगडी भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या घरात हा घुमारा दुप्पट होतो, आणि श्रवणयंत्र त्या घुमाऱ्यालाही इमाने इतबारे मोठे करते.

चिरंजीवांना आठवण झाली ती माळ्यावर ठेवलेल्या स्पीकरांची. वीस वर्षांपूर्वी घराची डागडुजी झाली तेव्हा हौसेने घेतलेले ते उभे, उंच असे दोन स्पीकर आणि मधला एक आडवा सेंटर स्पीकर. त्यांच्याबरोबरचा ॲम्प्लिफायर खाऱ्या हवेने आणि पावसाळी ओलीने कधीच निकामी झाला होता; स्पीकरांची लाकडी पेटी मात्र शाबूत होती. कागदी शंकूच्या कडेला असलेला रबराचा पट्टा बोटाने दाबून पाहिला, तो लवचीक होता. याच जागी स्पंजाचा पट्टा असता, तर आपल्या दमट हवेत त्याचा भुगा झाला असता. चित्रपटांत आणि नाटकांच्या चित्रीकरणांत संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधूनच येतो. तो स्पीकर श्रोत्याच्या समोर, कानाच्या दिशेने ठेवला तर शब्द भिंतीला न धडकता सरळ कानी पडतो. उणीव होती ती स्पीकरांना चालविणाऱ्या रिसीव्हरची.

रिसीव्हर म्हणजे या साऱ्या व्यवस्थेतील मुनीम. आलेल्या ध्वनीची तो फोड करतो, कोणता भाग डावीकडे, कोणता उजवीकडे, कोणता मध्ये हे ठरवितो, आणि प्रत्येक स्पीकरला त्याच्या वाट्याची शक्ती पुरवितो. नवा घ्यायचा तर चांगल्या यंत्राची किंमत पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते. जुना का घ्यावा, याचा चिरंजीवांनी केलेला हिशेब व्यापाऱ्याला पटण्यासारखा होता. या यंत्राचे दोन भाग असतात. चित्र वाहून नेणारा भाग झपाट्याने जुना होतो, कारण एचडीएमआय जोडणीच्या नवनव्या आवृत्त्या येत राहतात. आवाज मोठा करणारा भाग मात्र सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे चालतो. बाजारात भाव पडतो तो पहिल्या भागामुळे. आणि या घराला गरज होती ती दुसऱ्या भागाची. चित्र थेट दूरदर्शन संचावर न्यावे आणि तेथून ध्वनी तेवढा परत रिसीव्हरकडे आणावा. ही सोय २००९ मधील एचडीएमआयच्या आवृत्तीपासूनच उपलब्ध आहे. तीही नसेल तर ऑप्टिकल तार आहेच. जे आपल्याला नको त्याची किंमत मोजायची नाही, हा हिशेब बरोबरच होता.

चूक पुढे झाली, आणि ती घाईने झाली. घाटावरील एका शहरातील निवृत्त गृहस्थ आपला रिसीव्हर विकणार असल्याचे ओळखीच्या ओळखीतून कळले. मोबाइलवर त्यांनी तो चालू करून दाखविला, आवाज ऐकविला. नऊ वर्षे वापरला, एकदाही बंद पडला नाही, असे सांगितले. किंमत ठरली ११,००० रुपये. पैसे पाठविले आणि दोन दिवसांनी खोके मालवणला आले. आत यंत्र होते, रिमोट होता. खोलीतील आवाजाचे मोजमाप घेणारा छोटा मायक्रोफोन तेवढा नव्हता.

यंत्राला वीज जोडण्याआधी अण्णांनी ते अंगणात नेऊन झाकणाच्या फटींतून विजेरीने आत पाहण्यास सांगितले. बंद पडून राहिलेल्या यंत्रात मुंग्या घर करतात, पाली अंडी घालतात. एकदा प्रवाह सुरू झाला की त्या जीवांना सुटका नसते, आणि यंत्रालाही धोका असतो. अशी जयणा त्या घरात वेगळी शिकवावी लागत नाही. आत धुळीखेरीज काही नव्हते. मऊ कुंचल्याने ती झाडली आणि स्पीकर जोडले.

पहिली वीस मिनिटे घर हरखून गेले. मग टक् असा आवाज झाला, दिवा लुकलुकू लागला आणि यंत्र बंद पडले. थंड होऊ दिले, पुन्हा लावले. पुन्हा पंधरा-वीस मिनिटांत तेच. तीन दिवस हाच प्रकार झाल्यावर चिरंजीवांचा तोल गेला. त्यांनी त्या गृहस्थांना दूरध्वनी केला आणि न बोलण्याचे बोलून गेले. “वयाने मोठे आहात म्हणून विश्वास ठेवला. तुम्ही सरळ डोळ्यांत धूळ फेकलीत.” पलीकडून इतकेच उत्तर आले, “माझ्याकडे असे कधी झाले नाही हो.” आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. अण्णा गल्ल्यावरून हे ऐकत होते. त्यांना त्यातले किती शब्द कळले कोण जाणे. पण मुलाचा चढलेला स्वर त्यांना नीट कळला होता.

बाजारात एक वयस्कर कारागीर आहेत. दशावताराच्या मंडळ्यांची आणि डबलबारीच्या भजनी बुवांची ध्वनियंत्रे दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते घरी आले. त्यांनी यंत्र उघडलेसुद्धा नाही. खिशातून मल्टीमीटर काढला, स्पीकरच्या तारा सोडविल्या आणि स्पीकरचेच माप घेतले. काटा ३.४ वर थांबला. मग यंत्राच्या पाठीमागे छापलेल्या बारीक अक्षरांवर त्यांनी बोट ठेवले. तेथे लिहिले होते : ६ ते १६ ओहम. “शेटनू,” ते म्हणाले, “मशीन बरा असा. स्पीकर पण बरे आसत. खराबी जोडीत असा.”

याचा अर्थ त्यांनी दुकानातल्याच भाषेत उलगडून सांगितला. प्रत्येक स्पीकर विजेच्या प्रवाहाला काही प्रमाणात रोध करतो आणि तो ओहममध्ये मोजतात. घरगुती स्पीकर साधारणपणे ८, ६ किंवा ४ ओहमचे असतात. मल्टीमीटरवर दिसणारा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो. ८ ओहमचा स्पीकर सहा-साडेसहा दाखवितो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. आता रिसीव्हरने २० व्होल्टचा दाब दिला असे समजा. ८ ओहमचा स्पीकर त्यातून अडीच अँपियर प्रवाह ओढील आणि ५० वॅट शक्ती घेईल. ४ ओहमचा स्पीकर त्याच दाबावर पाच अँपियर ओढील आणि १०० वॅट मागेल. दुकान तेच, भांडवल तेच, पण उचल एकदम दुप्पट. थोडा वेळ दुकानदार पुरवठा करील. मग आपले भांडवल बुडू नये म्हणून दार लावून घेईल. यंत्राने तेच केले होते. त्या गृहस्थांकडील स्पीकर बहुधा ८ ओहमचे असावेत, म्हणून नऊ वर्षांत ही वेळ कधी आली नाही.

स्पीकरांच्या पाठीवरची चिठ्ठी ओलीने गळून गेली होती आणि ती कधी वाचली होती की नाही, हेही चिरंजीवांना आठवेना. खरेदीपूर्वी त्यांनी यंत्राविषयी वीस प्रश्न विचारले होते. घरातल्या स्पीकरांविषयी स्वतःला एकही विचारला नव्हता. मध्ये एखादा रोधक जोडून काम भागविता येईल का, असे त्यांनी विचारले. तसे केल्यास निम्मी शक्ती उष्णतेत जाईल आणि आवाजावरचा ताबाही सुटेल, म्हणून कारागिरांनी नकार दिला. यंत्र बदलणे हाच मार्ग होता.

तेव्हा प्रश्न आला हे यंत्र विकण्याचा. तारकर्लीकडे पर्यटकांसाठी घरातल्याच खोल्या चालविणारा एक तरुण नातवाच्या ओळखीचा होता. तो आला, त्याने यंत्र पाहिले, दोन मिनिटे आवाज ऐकला आणि ११,००० रुपये द्यायला तयार झाला. किंमत त्यानेच बोलली होती. उद्या पैसे घेऊन येतो, असे सांगून तो गेला.

रात्री चिरंजीव अण्णांना म्हणाले, “आपले पैसे सुटले. तो काही विचारत नाही, आणि यंत्र तर मुळात चांगलेच आहे.”

अण्णा म्हणाले, “मग ते वीस मिनिटांत बंद पडते, हे त्याला सांगितलेस?”

“अण्णा, दोष यंत्रात नाही. सांगितले तर तो उगीच घाबरेल.”

“डाळीत खडे आहेत हे गिऱ्हाइकाने विचारल्यावरच सांगतोस का तू? त्याच्या घरी कोणते स्पीकर आहेत हे तुला ठाऊक आहे?”

चिरंजीवांना ते ठाऊक नव्हते. वस्तू निर्दोष आहे हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. ज्या घरी ती चालली नाही त्या घराची हकीकत गाळून सांगितलेले खरे हे घेणाऱ्याच्या काही कामाचे नसते. ज्या अज्ञानामुळे आपण फसलो, त्याच अज्ञानात दुसऱ्याला लोटून आपले पैसे सोडवून घ्यायचे, असा तो व्यवहार ठरला असता.

दुसऱ्या दिवशी तो तरुण आला तेव्हा चिरंजीवांनी सगळे सांगितले. यंत्र ४ ओहमच्या स्पीकरांवर बंद पडते. ८ ओहमवर चालावे, पण आम्ही स्वतः तसे चालवून पाहिलेले नाही. मायक्रोफोनही बरोबर नाही. तरुणाने ऐकून घेतले, “बगतंय” म्हणाला आणि निघून गेला. चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. चिरंजीव थोड्या कडवटपणे म्हणाले, “अण्णा, खरे सांगितले आणि गिऱ्हाईक गेले.” अण्णांनी खतावणीतून मान वर केली नाही. खरे बोलल्याने नेहमी फायदाच होतो, असे त्यांनी आपल्या मुलाला कधी शिकविले नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. तरुणाने आपले दोन छोटे स्पीकर पोत्यात गुंडाळून आणले होते. दरम्यान त्याने आणखी तीन ठिकाणी जुनी यंत्रे पाहिली होती. “सगळ्यांनी एकदम बरा म्हणून सांगल्यानी,” तो म्हणाला, “तुमीच तेवढी खराबी सांगलात, म्हणान इलंय.” कारागिरांना बोलाविले. मल्टीमीटरने सव्वासहा दाखविले; म्हणजे स्पीकर ८ ओहमचे. गोदामातच पोत्यांवर स्पीकर ठेवून तीन वाजता यंत्र सुरू केले. सहा वाजेपर्यंत ते अखंड चालले. झाकणावर हात ठेवला तर कोमट लागत होते, इतकेच. एकदाही टक् झाले नाही. व्यवहार ९,००० रुपयांना झाला. २,००० रुपयांची खोट चिरंजीवांनी घरखर्चाच्या वहीत स्वतःच्या नावे लिहिली.

त्या तीन तासांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. घाटावरचे ते गृहस्थ अक्षरशः खरे बोलले होते. आता यंत्र विकले गेले होते, पैसे बहुतांशी परत आले होते. कोणी विचारणारे नव्हते. परंतु एका प्रामाणिक माणसाला आपण लबाड ठरविले होते, आणि ही खोट कोणत्या वहीत लिहावी हे चिरंजीवांना कळेना. क्षमापनेचा दिवस अजून काही महिने दूर होता. त्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. त्याच रात्री दूरध्वनी लावला आणि म्हणाले, “काका, चूक माझी होती. माझे स्पीकर चार ओहमचे निघाले. तुमचे यंत्र उत्तम आहे. मी जे बोललो ते बोलायला नको होते.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते गृहस्थ म्हणाले, “त्या दिवसापासून मनाला लागून राहिले होते. आमच्याकडे नऊ वर्षे चाललेले यंत्र तुमच्याकडे का बंद पडावे, हेच कळत नव्हते.” फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, “त्याचा मायक्रोफोन परवा कपाटात सापडला. कुठे पाठवू?” चिरंजीवांनी तारकर्लीचा पत्ता दिला.

दुसरी खरेदी मात्र रीतसर झाली. कुडाळहून रात्रीची कोकणकन्या धरून चिरंजीव मुंबईला गेले. बरोबर घोंगडीत गुंडाळलेला, त्याच संचातला ४ ओहमचा सेंटर स्पीकर आणि कारागिरांचा मल्टीमीटर. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार. तेथे एका दुकानात यामाहा, डेनॉन, मरांट्झ अशा नावांची वापरलेली यंत्रे एकावर एक रचलेली होती. पहिले यंत्र दिसायला नवे होते, पण पाठीवर १२० व्होल्ट छापलेले. ते अमेरिकेतून आलेले. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, म्हणजे आणखी एक ट्रान्सफॉर्मर गळ्यात घ्यावा लागला असता. दुसऱ्याची डावी बाजू आवाज कमी केला की खरखर करी आणि मधूनच मुकी होई. आतल्या रिलेचे संपर्कबिंदू गंजल्याचे ते लक्षण. तिसऱ्यावर ४ ते १६ ओहम छापलेले होते. चिरंजीवांनी ते दुकानदाराच्या परवानगीने शेजारच्या वजनकाट्यावर ठेवले : साडेबारा किलो. पहिले विकलेले यंत्र आपल्या दुकानातल्या काट्यावर आठ किलो भरले होते. ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता वाहून नेणारे धातूचे पत्रे हाच या यंत्रातला जड माल. म्हणून एकाच जातीच्या दोन यंत्रांत जे जड, ते जास्त ओझे पेलण्याची शक्यता अधिक. पेटीवर छापलेल्या वॅटांवर इतका भरवसा ठेवता येत नाही, कारण तो आकडा पुष्कळदा एक किंवा दोनच स्पीकर चालू असतानाचा असतो.

घरचा स्पीकर जोडून ते दीड तास चालविले. प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे ऐकली. आवाजाचा खटका टोकापासून टोकापर्यंत हळूहळू फिरविला. झाकणाचे स्क्रू कोणी पूर्वी उघडल्याने झिजलेले नाहीत ना, जळका वास येत नाही ना, हे पाहिले. मायक्रोफोन मागून घेतला. पैसे काढण्याच्या वेळी दुकानदार आपण होऊन म्हणाला, “शेठ, मागचे तीन नंबरचे एचडीएमआयचे तोंड चालत नाही. बाकी सगळी चालतात.” तोवर चिरंजीव दोन हजार कमी करून मागणार होते. ते ऐकल्यावर त्यांनी पाचशेच कमी करविले आणि १९,००० रुपये मोजले.

मालवणला परतल्यावर जोडणीला एक रविवार गेला. जुन्या तारांची टोके खाऱ्या हवेने हिरवी पडली होती. ती कापून ताजे तांबे उघडे केले. लाल खूण लाल तोंडात आणि काळी काळ्यात, हे प्रत्येक स्पीकरपाशी दोनदा तपासले. एकाच स्पीकरची तार उलटी लागली तरी दोन्हींचे खालचे सूर एकमेकांना खोडून काढतात आणि आवाज पोकळ होतो. यंत्र बंद कपाटात न ठेवता उघड्या फळीवर ठेवले, वर वीतभर मोकळी जागा सोडली. पावसाळ्यात ते रोज अर्धा तास तरी चालवावे, म्हणजे आतली ओल आटते. विजा चमकू लागल्या की प्लग काढावा, हे नातवाच्या अंगावर सोपविले. सूनबाईंनी समोरच्या दगडी भिंतीवर जुनी वाकळ टांगली आणि फरशीवर सतरंजी अंथरली. घुमारा इतका कमी झाला की खोली लहान झाल्यासारखी वाटली.

मायक्रोफोन अण्णांच्या खुर्चीत, ते बसले असता कान जेथे येतो तेवढ्या उंचीवर ठेवला. यंत्राने प्रत्येक स्पीकरमधून सूर सोडले, अंतरे मोजली, पातळ्या जुळविल्या. ८० हर्ट्झच्या खालचे दणदणीत सूर सेंटर स्पीकरकडून काढून उंच स्पीकरांकडे सोपविले. त्यामुळे संवादाला तो मोकळा राहिला. नातवाला स्फोटांचे आवाज हवे होते. त्याच्या देखतच चिरंजीवांनी सेंटर स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढविली आणि लहानमोठ्या आवाजांतील अंतर कमी करणारी रात्रीची सोय सुरू केली. त्यामुळे गडगडाट मवाळ झाला आणि हळू बोललेला शब्द वर आला. नातू किंचित हिरमुसला, पण काही बोलला नाही.

रात्री दुकान वाढविल्यावर सगळे बसले. ‘वस्त्रहरण’च लावले होते. आवाज पूर्वीपेक्षा कमी होता. अण्णांनी सवयीप्रमाणे खुर्ची थोडी तिरकी करून घेतली, नातवंडांचे चेहरे दिसतील अशी. थोडा वेळ गेला. मग त्यांनी ती उचलून सरळ केली. पडद्यावर काहीतरी बोलले गेले आणि अण्णा हसले. त्यांच्यामागून बाकीचे हसले. नाटक संपेपर्यंत यंत्र एकदाही बंद पडले नाही. झोपायला जाताना अण्णांनी त्याच्या झाकणावर तळहात ठेवून पाहिला आणि चिरंजीवांना विचारले, “त्या घाटावरच्या गृहस्थांचा मायक्रोफोन त्या मुलाला मिळाला का?”

“मिळाला, अण्णा. काल त्याचा फोन आला होता.”

“बरे झाले,” अण्णा म्हणाले आणि दिवा मालवून आत गेले.